जंगल तोडून घ्यायच्या नोकरीवर गेला, रात्री कंदिलाजवळ कादंबरी लिहून परत आला

१ नोव्हेंबर. बंगाली लेखक बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची पुण्यतिथी. नाव उच्चारायला जरा अवघड आहे, पण ‘पाथेर पांचाली’ म्हटलं की बऱ्याच जणांना तो काळा-पांढरा सिनेमा आठवेल. काहींनी मोबाईलवर पाहिलाही असेल. सिनेमा सत्यजित राय यांचा. पण त्याच्या आधी पंचवीस-सव्वीस वर्षं ती एक कादंबरी होती, आणि ती लिहिणारा माणूस तेव्हा लेखक म्हणून कोणाला फारसा माहीत नव्हता. एका जमीनदाराच्या इस्टेटीवर तो कारभार बघायचा. त्याची ती पहिली कादंबरी छापून कशी आली, ते आज सांगतो. शेतीवाडीतल्या माणसाला ही गोष्ट जवळची वाटेल.

बिभूतीबाबूंचा जन्म १२ सप्टेंबर १८९४ चा, आजोळी, मुरातीपूर गावात. वडिलांचं गाव बराकपूर, बनगावजवळ, इच्छामती नदीच्या काठी. (कलकत्त्याजवळची लष्करी छावणीची बराकपूर ती वेगळी, हे छोटं खेडं.) वडील महानंद हे संस्कृत जाणणारे, गावोगाव फिरून पुराणातल्या कथा सांगणारे कथक. आपल्याकडे कीर्तनकार असतात तसं समजा. मान भरपूर, घरात दाणा कमी. कथा सांगायला बाहेर गेले की महिनोन्‌महिने पत्ता नाही, आणि मागे बायको-पोरं उसनवारीवर.

शाळेचा एक किस्सा बंगालमध्ये नेहमी सांगतात. बनगावच्या इंग्रजी शाळेत नाव घालायला हा पोरगा एकटाच गेला. फीसाठी आईच्या लक्ष्मीच्या डब्यातले पैसे होते, त्यांना शेंदूर लागलेला. आत जायची हिंमत होईना म्हणून फाटकाशीच घुटमळत राहिला. हेडमास्तरांनी विचारपूस केली, पैशांना शेंदूर कसा ते कळलं, आणि त्यांनी फी माफ केली. पुढे वडील वारले, तेव्हा पोरगा अजून शाळेतच होता. दुसऱ्याच्या घरी राहायचं, त्यांच्या मुलांना शिकवायचं आणि स्वतः शिकायचं, असं करत १९१४ ला मॅट्रिक, मग कलकत्त्याच्या रिपन कॉलेजातून १९१८ ला बी.ए. पुढे शिकायची इच्छा होती, पण ते जमलं नाही.

त्याच सुमारास घरावर घाला पडला. १९१७ ला लग्न झालेलं, गौरी तिचं नाव. वर्षभरातच ती गेली. त्यानंतर बावीस वर्षं या माणसाने दुसरं लग्न केलं नाही.

मग मास्तरकी. आधी हुगळी जिल्ह्यात जांगीपाडा, मग १९२० पासून कलकत्त्याच्या दक्षिणेला हरिनाभी गावची शाळा. इथे जे घडलं ते मोठं गमतीचं आहे.

गावात पाँचूगोपाळ नावाचा एक तरुण होता, कविता करायचा, उत्साह उतू चाललेला. त्याने मास्तरांच्या मागे लकडा लावला की आपण दोघं मिळून स्वस्त कादंबऱ्यांची माला काढू, तुम्ही लिहा. मास्तरांनी हसून सोडून दिलं. एक दिवस शाळेत येतात तर भिंतींवर, झाडांवर जाहिराती चिकटवलेल्या. मास्तरांची कादंबरी लवकरच प्रसिद्ध होणार! कादंबरीचं नावसुद्धा ठरवून टाकलेलं. झालं! सहशिक्षक विचारायला लागले, पोरं विचारायला लागली, पुस्तक कधी येतंय? लिहिलेली एक ओळ नाही आणि गावभर लेखक म्हणून डंका. नाही म्हणावं तर खोटं पडायचं, हो म्हणावं तर दाखवायचं काय?

अब्रू राखायला म्हणून मास्तर लिहायला बसले. कादंबरी कुठली, एक लघुकथा जमली. रोज येता-जाता गावातली एक बाई पाणी भरताना दिसायची, तिच्यावरून सुचलेली. ती पाठवली ‘प्रवासी’ मासिकाला. बंगालमधलं तेव्हाचं सगळ्यात वजनदार मासिक, रामानंद चट्टोपाध्याय संपादक. नवख्याने तिथे कथा पाठवायची म्हणजे धाडसच. मग सुरू झाली पोस्टमनची वाट बघणं. काही दिवसांनी जाडसर पाकीट आलं. जाडसर म्हणजे कथा परत आली, हे कोणीही ओळखेल. कोणाला दिसू नये म्हणून मास्तरांनी ते लपवलं. नंतर एकांतात उघडलं तर आत चिठ्ठी, कथा पसंत आहे, थोडी दुरुस्ती करून परत पाठवा. १९२२ च्या सुरुवातीला ती ‘उपेक्षिता’ नावाने छापून आली.

(मी स्वतः वीसेक वर्षं बातम्या पाठवतोय. पहिली पाठवली तेव्हा आठ दिवस स्टँडवर जाऊन पेपर चाळायचो. आली ती चार ओळींची, माझं नाव वगळून. त्यामुळे त्या पाकिटाची धडधड मला समजते.)

एक कथा छापून आली म्हणून पोट भरत नाही. मास्तरकी सुटली. मग केशोराम पोद्दार या कलकत्त्याच्या व्यापाऱ्याच्या गोरक्षा सभेचे फिरते प्रचारक म्हणून ते पूर्व बंगाल, चितगाव, पार आराकानपर्यंत फिरले. ती नोकरीही फार टिकली नाही. पुढे खेलातचंद्र घोष या जमीनदार घराण्यात मुलांना शिकवायचं आणि लिहिण्या-वाचण्याचं काम मिळालं. त्याच घराण्याची बिहारात भागलपूरकडे मोठी जमीन होती, हजारो बिघे, बहुतेक जंगल. १९२४ ला बिभूतीबाबूंना तिथे सहायक मॅनेजर म्हणून धाडलं.

काम काय, तर घोड्यावरून रपेट करायची, जंगल तोडून घ्यायचं, जमीन तुकड्या-तुकड्याने कुळांना पट्ट्याने लावून द्यायची, वसुली बघायची. मैल-मैल मनुष्यवस्ती नाही. कचेरी म्हणजे गवताने शाकारलेली खोली. आजूबाजूला जी माणसं होती ती इतकी गरीब की भात हा सणासुदीचा घास, एरवी मका नाहीतर सत्तूवर दिवस काढायचे. बंगाली बोलणारं माणूस दुर्मिळ. सुरुवातीला या शहरात राहून आलेल्या माणसाचा जीव तिथे घुसमटला. मग जंगलाने त्याला असं धरलं की सुटायचं नाव नाही.

त्या जंगलात आणि भागलपूरच्या गंगाकाठच्या इस्टेटीच्या घरात, १९२५ ला, त्यांनी ‘पाथेर पांचाली’ लिहायला घेतली. पांचाली म्हणजे बंगालमध्ये गाऊन सांगायची कथा. म्हणजे वाटेचं गाणं, असं म्हणता येईल. गंमत बघा, डोळ्यासमोर बिहारचं जंगल, आणि लिहिलं काय तर हजार वेळा मागे सोडून आलेलं आपलं खेडं. कादंबरीत गावाचं नाव निश्चिंदीपूर. बाप हरिहर, पौरोहित्य करणारा, नेहमी बाहेर. आई सर्वजया, कायम काळजीत. एक म्हातारी आत्या, इंदिर ठाकरुण, जिला दोन घास कोणी सुखाने देत नाही. आणि लहानगा अपू. घरातलंच सगळं, फक्त नावं बदललेली. दिवसभर जमिनीची मोजणी-वसुली आणि रात्री कंदिलाजवळ हे लिखाण, असं जवळपास तीन वर्षं चाललं.

यातली सगळ्यात नवलाची गोष्ट पुढेच आहे. पहिल्या खर्ड्यात दुर्गा नव्हतीच. ज्यांनी सिनेमा पाहिलाय त्यांना दुर्गाशिवाय ही गोष्ट कशी, असंच वाटेल. कैऱ्या-पेरू चोरणारी, रानात हिंडणारी, धाकट्या भावाला जीव लावणारी अपूची बहीण. त्यांनी पुढे एका मित्राला सांगितलं की भागलपुरात एक दिवस एक लहान मुलगी दिसली, तेल-पाणी नसलेले केस वाऱ्यावर उडतायत, डोळ्यांत काहीतरी दुःख आणि खट्याळपणा दोन्ही. तिला पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं, आपल्या कादंबरीत ही नाही म्हणून कादंबरीत जीव नाही. मग काय केलं? लिहिलेलं सगळं बाजूला सारलं आणि पुन्हा नव्याने लिहायला बसले. शेकडो पानं हाताने लिहिलेली, कॉपी-पेस्ट नाही काही नाही. पेरलेलं रान उगवून आलेलं असताना मोडायचं आणि दुबार पेरायचं, त्यातलाच प्रकार. आपण दुबार पेरणी नाइलाजाने करतो, याने स्वतःहून केली.

दुर्गा कादंबरीत तापाने जाते. बरी झाल्यावर आगगाडी बघायची तिची इच्छा राहूनच जाते. हे वाचताना मी थांबलो होतो, खरं सांगतो.

१९२८ च्या एप्रिलमध्ये हस्तलिखित पूर्ण झालं. आता छापणार कोण? इथे भागलपूरची ओळख कामी आली. तिथले वकील उपेंद्रनाथ गंगोपाध्याय, शरच्चंद्र चट्टोपाध्यायांचे नात्याने मामा. त्यांच्या घरी साहित्याची बैठक भरायची, तिथे हा मॅनेजर गुपचूप कोपऱ्यात येऊन बसायचा. उपेंद्रनाथांनी वकिली सोडून कलकत्त्याला ‘विचित्रा’ नावाचं मासिक काढलं होतं, १९२७ ला. कादंबरी तिथे गेली आणि १९२८-२९ मध्ये दर महिन्याला प्रकरणं येऊ लागली. अनोळखी नाव, कथानकात खून नाही, प्रेमप्रकरण नाही, श्रीमंत घराण्याची भानगड नाही. तरी वाचक पुढच्या अंकाची वाट बघायला लागले.

पण मासिकात येणं वेगळं आणि पुस्तक निघणं वेगळं. नावाजलेल्या प्रकाशकांनी हात आखडते घेतले. पोरांच्या खेळण्या-बागडण्याची, गरिबाच्या घरची एवढी मोठी गोष्ट पैसे देऊन विकत कोण घेणार, हा त्यांचा हिशेब. व्यापाऱ्याच्या जागी बसून बघितलं तर अगदी चुकीचाही म्हणता येत नाही. पण तीन वर्षं घालवलेल्या माणसाला तो हिशेब कसा पटणार?

या वेळी मित्र उभा राहिला. नीरद चौधुरी, पुढे इंग्रजीत मोठे लेखक झाले ते. दोघं रिपन कॉलेजचे आणि कलकत्त्यात मिर्झापूर स्ट्रीटच्या एकाच मेसमध्ये राहिलेले. मेस म्हणजे बाहेरगावच्या नोकरदारांची एकत्र राहण्या-जेवणाची जागा. नीरदबाबूंनी या कादंबरीसाठी धडपड केली. आणि पुस्तक अंगावर घेतलं ते सजनीकांत दास यांनी. हे सजनीकांत म्हणजे ‘शनिवारेर चिठी’ या मासिकाचे, ज्यात बंगालच्या भल्याभल्या लेखकांची टर उडवली जायची. टागोरसुद्धा सुटायचे नाहीत. त्या तिखट माणसाने या मवाळ पुस्तकासाठी पदरमोड केली, ‘रंजन प्रकाशालय’ नावाने प्रकाशन सुरू केलं, आणि १९२९ च्या ऑक्टोबरात, दुर्गापूजेच्या तोंडावर, ‘पाथेर पांचाली’ पुस्तक म्हणून बाहेर पडली. लेखकाचं वय तेव्हा पस्तीस.

त्यानंतर नाव झालं. अपूची पुढची गोष्ट ‘अपराजित’ आली. पण पैसा काही उतू गेला नाही. बिभूतीबाबू कलकत्त्यात खेलातचंद्र यांच्या नावाच्या शाळेत मास्तर झाले, आणि शेवटच्या काळात गावाकडे गोपाळनगरच्या शाळेत. धोतर, सदरा, साधी राहणी.

जंगल मात्र त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. कारण एक टोचणी होती. ते रान ज्यांनी तोडून घेतलं त्यांत ते स्वतः होते. मालकाच्या हुकमाने, पगारासाठी. कुळांना जमीन मिळाली, चार माणसं पोटाला लागली, हे खरं. आणि डोळ्यांदेखत शेकडो वर्षांची झाडी गेली, हेही खरं. दहा-बारा वर्षांनी त्यांनी त्यावर ‘आरण्यक’ लिहिलं, १९३९ ला पुस्तक आलं. माझ्या मते ‘पाथेर पांचाली’पेक्षाही शेतकऱ्याने ते आधी वाचावं. आमच्या आजोबांनी माळावरची पळसाची झाडं तोडून वावर केलं, त्यावर आमचं घर चाललंय. तो माळ मी पाहिलेला नाही. ‘आरण्यक’ वाचताना पहिल्यांदा वाटलं की तिथे आधी काहीतरी होतं.

१९४० च्या डिसेंबरात त्यांनी रमादेवींशी लग्न केलं. १९४७ ला मुलगा झाला, तारादास. तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५० ला, आता झारखंडात असलेल्या घाटशिला इथे हृदयविकाराने बिभूतीबाबू गेले. वय छप्पन्न. बंगाल सरकारचा रवींद्र पुरस्कार ‘इच्छामती’ कादंबरीला मिळाला, तो त्यांच्या मागे.

सिनेमाही त्यांनी पाहिला नाही. सत्यजित राय यांनी आधी या कादंबरीच्या मुलांसाठीच्या छोट्या आवृत्तीला चित्रं काढली होती, तेव्हापासून ती त्यांच्या मनात बसलेली. परवानगी रमादेवींनी दिली. रायांचे पैसे संपले, बायकोचे दागिने गहाण पडले, शूटिंग बंद पडलं. शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसा दिला. नावात ‘पथ’ आहे म्हणून सरकारी दप्तरात तो रस्तेसुधारणेच्या खात्यावर दाखवला, असं सांगतात. १९५५ ला सिनेमा आला, पुढच्या वर्षी फ्रान्सच्या कान महोत्सवात त्याला बक्षीस मिळालं.