ओल्ड पीटचे तीन सौदे

१० ऑक्टोबर १९२६, रविवार. न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर आभाळ भरून आले होते, हवा बोचरी होती आणि बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा सातवा आणि निर्णायक सामना चालू होता. सेंट लुईस कार्डिनल्स विरुद्ध न्यूयॉर्क यँकीज. सातव्या डावात कार्डिनल्सकडे अवघ्या एका धावेची आघाडी होती, यँकीजचे तीन गडी तिन्ही बेसवर उभे होते आणि कार्डिनल्सच्या पिचरच्या बोटाला फोड येऊन चेंडू धरवेना. पिचर म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज. पण बेसबॉलमध्ये साऱ्या सामन्याचे ओझे त्या एकाच्याच खांद्यावर असते. मॅनेजरने खूण केली आणि मैदानाच्या टोकाकडून एक उंच, हाडकुळा, डोईला जरा लहानच वाटणारी टोपी घातलेला माणूस रमतगमत चालत आला. वय एकोणचाळीस. एका कानाने त्याला नीट ऐकू येत नव्हते, त्याला फेफरे येत असे आणि तो दारू पीत असे, हे मैदानावरच्या बहुतेकांना ठाऊक होते. आदल्याच दिवशी त्याने पूर्ण नऊ डाव टाकून सामना जिंकून दिला होता. जूनमध्ये शिकागोच्या संघाने त्याला अडगळ म्हणून काढून टाकले होते.

त्याचे नाव ग्रोव्हर क्लीव्हलँड अलेक्झांडर. लोक त्याला ओल्ड पीट म्हणत.

अमेरिकेत दरवर्षी जुलै संपत आला की बेसबॉलच्या चाहत्यांत एकच वाद रंगतो. नाव मोठे पण वय झालेला पिचर दुसऱ्या संघाकडून घ्यावा का? त्याच्या बदल्यात दोन-तीन होतकरू पोरे देऊन टाकावीत का? २०१७ साली ह्यूस्टनने डेट्रॉइटकडून चौतिसाव्या वर्षी जस्टिन व्हर्लँडरला घेतले आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. तेव्हापासून असे सौदे करणाऱ्यांना हाताशी ताजा दाखला मिळाला. पण या प्रश्नाची खरी कहाणी ओल्ड पीटचीच. तो आयुष्यात तीनदा विकला गेला, म्हणून तिन्ही बाजूंनी ती वाचता येते.

त्याचा जन्म २६ फेब्रुवारी १८८७ चा, नेब्रास्का राज्यातल्या एल्बा या खेड्याजवळचा. शेतकऱ्याचे घर, तेरा भावंडे. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड होते, त्यांचेच नाव मुलाला ठेवले. पोरगा टेलिफोनच्या तारा ओढण्याच्या कामावर लागला आणि रविवारी बेसबॉल खेळू लागला. १९०९ साली इलिनॉयमधल्या गेल्सबर्गच्या छोट्या संघात असताना दुसऱ्या बेसकडे धावताना फेकीचा चेंडू त्याच्या डोक्यात बसला. दोन दिवसांहून अधिक काळ तो बेशुद्ध होता. शुद्धीवर आला तेव्हा एकाच्या जागी दोन माणसे दिसत. कित्येक महिन्यांनी दृष्टी पूर्ववत झाली. पुढच्या आजाराचे मूळ या आघातात होते की युद्धात, यावर अजून एकमत नाही.

१९११ साली फिलाडेल्फिया फिलीजने त्याला घेतले आणि पहिल्याच हंगामात त्याने २८ सामने जिंकले. १९१५, १६ आणि १७ या तीन वर्षांतले त्याचे विजय ३१, ३३ आणि ३०. फिलाडेल्फियाचे मैदान इतके लहान की उजव्या बाजूची भिंत फलंदाजाच्या अंगावर आल्यासारखी वाटे. पिचरला ते मैदान म्हणजे शिक्षाच. तरी १९१६ मध्ये त्याने १६ सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही धाव करू दिली नाही. हा विक्रम आजवर कोणाला मोडता आलेला नाही. त्याचे रहस्य वेगात फारसे नव्हते. चेंडू फलंदाजाच्या गुडघ्याच्या उंचीवर, फळीच्या कडेला, हवा तिथे टाकणे हे त्याचे कसब. तो वेळ काढत नसे. चेंडू हातात आला की टाकला. सामना दीड तासात आटोपून घरी जाण्याची त्याला घाई आहे की काय, असे बघणाऱ्याला वाटावे.

पहिला सौदा १९१७ च्या डिसेंबरात झाला. अमेरिका महायुद्धात उतरली होती. फिलीजचे मालक विल्यम बेकर यांना पैशाची निकड होती आणि आपला हुकमी पिचर सैन्यात भरती होऊन जाईल अशी भीतीही. त्यांनी अलेक्झांडर आणि त्याचा नेहमीचा कॅचर बिल किलिफर या दोघांना शिकागो कब्जला विकून टाकले. बदल्यात दोन सामान्य खेळाडू आणि ५५ हजार डॉलर. खेळाडूला विचारण्याची पद्धत नव्हती. करारातल्या एका कलमामुळे संघ त्याला हवे तितकी वर्षे बांधून ठेवी आणि हवे तेव्हा विके. हे कलम १९७५ च्या अखेरीस मोडीत निघाले.

बेकर यांचा अंदाज खरा ठरला. शिकागोसाठी तीन सामने खेळून अलेक्झांडर तोफखान्यात दाखल झाला. जाण्याआधी एमी नावाच्या मुलीशी लग्न केले. फ्रान्समधल्या आघाडीवर कित्येक आठवडे तोफांच्या धडाक्यात काढून तो परतला, तेव्हा एका कानाचे ऐकणे गेले होते, तोफेची दोरी ओढून उजवा हात दुखावला होता आणि फेफऱ्याचे झटके सुरू झाले होते. त्या काळी फेफरे ही लपवण्याची गोष्ट होती. दारू पिऊन पडला म्हटले तर लोक हसून सोडून देत. फेफरे आले म्हटले तर दूर सरत. तो मुळात प्यायचाच, आता झटक्यांना आडोसा म्हणूनही पिऊ लागला. आपल्याकडेही कितीतरी घरांत हा आजार असाच दुसऱ्या नावाखाली झाकला गेला आहे, हे वेगळे सांगायला नको.

मग बेकर यांचा सौदा फायद्याचा म्हणायचा काय? कागदावर म्हणता येईल. पण मोडून आलेल्या या माणसाने १९२० साली शिकागोसाठी २७ सामने जिंकले. एकूण १२८ सामने त्याने त्या संघाला जिंकून दिले. १९२३ साली, छत्तिसाव्या वर्षी, ३०५ डावांत त्याने फक्त ३० फलंदाजांना चार चुकीच्या चेंडूंवर फुकटचा बेस दिला. सामन्यामागे एकही नाही! वेग ओसरला होता, पण नेम शाबूत होता. इकडे फिलाडेल्फियाला पुढचे लीग अजिंक्यपद मिळायला १९५० साल उजाडावे लागले.

दुसरा सौदा सगळ्यांत स्वस्त. १९२६ साली शिकागोला जो मॅकार्थी नावाचा नवा मॅनेजर आला. शिस्तीचा माणूस, आणि स्वतः वरच्या दर्जाच्या लीगमध्ये कधी न खेळलेला. अलेक्झांडरने त्याला जुमानले नाही. मॅकार्थीने त्याला आधी निलंबित केले आणि मग सोडून दिले. सोडलेल्या खेळाडूवर लीगमधल्या दुसऱ्या संघाने ठरावीक रक्कम भरून हक्क सांगायचा, अशी रीत होती. २२ जूनला कार्डिनल्सने काही हजार डॉलर भरून त्याला उचलले. यात योगायोग थोडा आणि ओळख फार. त्याचा जुना कॅचर किलिफर त्या वर्षी सेंट लुईसच्या पथकात प्रशिक्षक होता. या हातात किती उरले आहे, हे त्याच्याइतके ठाऊक असणारा दुसरा माणूस नव्हता.

माझ्या मते सारी मेख इथे आहे. म्हातारा पिचर घ्यावा की नाही, हा प्रश्न मोघम विचारला की उत्तर बहुधा नाही असेच येते. आकडे खाली चाललेले असतात, हात एखाद्या दिवशी अचानक संपतो. पण कोणासाठी, किती डावांसाठी, काय देऊन आणि कोणाच्या भरवशावर, हे विचारले की हिशेब बदलतो. कार्डिनल्सने एकही तरुण खेळाडू गमावला नाही. त्यांना पाच वर्षे नको होती, तीन महिने हवे होते. सेंट लुईससाठी ओल्ड पीटने उरलेल्या हंगामात नऊ सामने जिंकले आणि सात हरले. डोळे दिपावेत असे यात काही नाही. पण सिनसिनाटीवर त्या संघाने मिळवलेली आघाडी फक्त दोन सामन्यांची होती. कार्डिनल्सचे ते पहिले लीग अजिंक्यपद.

वर्ल्ड सिरीजमधला दुसरा आणि सहावा सामना त्याने जिंकला. आता सातव्यात, मॅनेजर रॉजर्स हॉर्न्सबी पुढे जाऊन त्याचे डोळे निरखून आला. रात्र त्याने कशी काढली याच्या दंतकथा खूप. तो स्वतः आयुष्यभर त्या नाकारत राहिला. समोर फलंदाज टोनी लझेरी, बावीस वर्षांचा, पहिल्याच हंगामात गाजलेला. त्यालाही फेफऱ्याचा आजार होता. एका चेंडूवर लझेरीने असा टोला मारला की चेंडू थेट प्रेक्षकांत गेला, पण रेषेच्या काही फूट बाहेरून. आत पडता तर चार धावा, आणि हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते. पुढचा चेंडू बाहेर वळत खाली गेला, लझेरीची बॅट हवेत फिरली आणि तो बाद झाला. ओल्ड पीट पुन्हा रमतगमत चालू लागला. आठवा डाव निर्धोक गेला. नवव्यात दोन बाद झाल्यावर त्याने बेब रूथला फुकटचा बेस दिला. आणि रूथने, का कोण जाणे, दुसरा बेस चोरण्याचा प्रयत्न केला. कॅचरची फेक हॉर्न्सबीच्या हातात आली, रूथ बाद, सिरीज संपली. दोनच महिन्यांनी खुद्द हॉर्न्सबीलाही कार्डिनल्सने विकले.

पुढच्या वर्षी, चाळिशीत, अलेक्झांडरने २१ सामने जिंकले. १९२८ मध्ये १६. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये मात्र यँकीजने त्याला बदडून काढले. १९२९ च्या ऑगस्टमध्ये ३७३ वा विजय मिळाला, तेव्हा ख्रिस्ती मॅथ्यूसनच्या ३७२ विजयांचा विक्रम मोडला असे सर्वांनी मानले. पुढे १९४० च्या दशकात जुन्या नोंदींत मॅथ्यूसनचा एक विसरलेला विजय सापडला आणि दोघे बरोबरीत आले. विक्रमानंतर थोड्याच दिवसांत दारूपायी त्याला घरी पाठवण्यात आले.

तिसऱ्या सौद्याविषयी लिहावे असे फारसे नाही. डिसेंबर १९२९ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला परत घेतले. जुने नाव, जुने गाव. १९३० साली तीन सामने हरला, एकही जिंकला नाही आणि त्याला मुक्त केले गेले. १९२६ मध्ये किलिफरला हात ठाऊक होता. १९३० मध्ये फिलाडेल्फियाला फक्त नाव ठाऊक होते.

त्यानंतर तो हाऊस ऑफ डेव्हिड या दाढीधारी खेळाडूंच्या फिरत्या संघाबरोबर गावोगाव हिंडला, एक-दोन डाव टाकून लोकांचे मन राखत. एमीशी घटस्फोट, पुन्हा लग्न, पुन्हा घटस्फोट. १९३८ साली हॉल ऑफ फेमसाठी त्याची निवड झाली, आणि त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या ४२ व्या रस्त्यावरच्या एका तमाशाघरात, पिसवांची सर्कस चाले त्याच छताखाली, तो पैसे घेऊन लझेरीची गोष्ट सांगू लागला. दिवसातून कितीदा तरी. उतारवयात सेंट लुईसचा संघ त्याला दरमहा थोडी रक्कम पाठवी. १९५२ साली त्याच्यावर चित्रपट निघाला. ओल्ड पीटचे काम रोनाल्ड रेगन यांनी केले. एका राष्ट्राध्यक्षाचे नाव लावणाऱ्या माणसाची भूमिका पुढे राष्ट्राध्यक्ष होणाऱ्या नटाने केली. चित्रपटात फेफऱ्याचे नाव मात्र घेतलेले नाही.

तो पाहायला ओल्ड पीट नव्हता. ऑक्टोबर १९५० मध्ये फिलाडेल्फिया पस्तीस वर्षांनी वर्ल्ड सिरीजमध्ये पोचली, समोर पुन्हा यँकीज. सामना पाहायला तो यँकी स्टेडियमवर गेला होता. फिलाडेल्फिया चारही सामने हरली. ४ नोव्हेंबर १९५० रोजी नेब्रास्कातल्या सेंट पॉल गावी, भाड्याच्या खोलीत, तो एकटाच असताना वारला.