बटाट्याचा श्वास

बटाटे पोत्यात बरेच दिवस पडून राहिले की त्यांना कोंब फुटतात, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मटकी भिजवून बांधून ठेवली की मोड येतात, तसंच ते. पण म्हणजे तो बटाटा जिवंत असतो, चक्क श्वास घेत असतो, हे किती जणींच्या मनात येतं? या श्वासामागचा एक धागा केंब्रिजच्या प्रयोगशाळेत शोधून काढला तो एका मराठी बाईंनी. डॉ. कमला सोहोनी. माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवतांच्या धाकट्या भगिनी.

घरातच रसायनशास्त्र. वडील आणि काका दोघंही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. कमलाबाई १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आल्या, आणि त्यांनीही त्याच संस्थेत अर्ज केला. संस्थेचे प्रमुख होते नोबेल मिळवलेले सर सी. व्ही. रामन. अर्ज नामंजूर झाला. कारण एकच, मुलगी! दुसरी एखादी रडून घरी बसली असती. या मात्र थेट बंगलोरला गेल्या आणि नाही म्हणण्याचं कारण द्या म्हणून अडून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरायचं नाही, काम पसंत पडलं तरच पुढचं पाहायचं. वर्षभरात त्यांचं काम बघून खुद्द रामन यांचं मत बदललं आणि पुढे त्या संस्थेत मुलींना वाट मोकळी झाली. परंतु त्या अटींचा अपमान कमलाबाई जन्मभर विसरल्या नाहीत. का विसराव्यात?

बंगलोरला त्यांनी दूध आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. मैत्रिणींनो, सजीव म्हटला की तो वाढतो, श्वास घेतो, अन्नातून शक्ती मिळवतो, आपल्यासारखाच दुसरा जीव निर्माण करतो. ही सगळी कामं चालतात ती मुख्यतः चार प्रकारच्या रेणूंवर: प्रथिनं, पिष्ट आणि साखरेचे पदार्थ, स्निग्ध पदार्थ आणि आनुवंशिक गुण वाहून नेणारी न्यूक्लिक आम्लं. आपल्या ताटातली पोळी, वरण आणि वरची तुपाची धार ही त्याच घराण्यातली.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी नोबेल मिळालेले हॉपकिन्स तिथे होते. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना वनस्पतींच्या पेशीत ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन सापडलं. पेशीत अन्नापासून शक्ती तयार होताना इलेक्ट्रॉन नावाचे सूक्ष्म कण हातोहात पुढे पोचवायचे असतात. ते हमालाचं काम हे प्रथिन करतं. प्राण्यांत ते असतं हे तोवर ठाऊक होतं. आता कळलं की झाडापानांतही तेच. माणसात या प्रथिनाची साखळी १०४ अमिनो आम्लांची असते आणि चिंपांझीत ती अगदी तंतोतंत तशीच, हेही नंतर समजलं. सगळ्या जीवसृष्टीचं गोत्र एकच म्हणायचं! १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली, तीही मोजक्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर.

परदेशात राहता आलं असतं, पण त्या परत आल्या. दिल्ली, कुन्नूर अशा नोकऱ्या झाल्या, १९४७ साली लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी शिकवलं, संशोधन केलं, पुढे संस्थेच्या संचालकही झाल्या. विषय मात्र आपल्या स्वयंपाकघरातले. वालामध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा एक घटक असतो, त्याचा त्यांनी अभ्यास केला. वाल नीट शिजवून खायचे ही आजीची शिस्त उगाच नव्हती. ताडा-माडाच्या ताज्या नीरेतली पोषणद्रव्यं त्यांनी तपासली. कुपोषित मुलांना आणि गरोदर आदिवासी बायकांना नीरा दिल्याने फायदा होतो हे दाखवलं. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या ग्राहक चळवळीतही त्या होत्या. अन्नातली भेसळ कशी ओळखावी, हे त्यांनी सामान्य गृहिणींपर्यंत पोचवलं. १९९८ साली दिल्लीत सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच गेल्या.

हे सगळं मी आत्ता का सांगतेय? आमच्या बचत गटातल्या एकीची लेक दहावीला चांगले मार्क मिळवून पास झाली. तिला सायन्सला जायचंय. कॉलेज तालुक्याला, एस.टी.ने तासाभराची वाट. घरचे म्हणतात, इथेच आर्ट्स कर. मी स्वतः बी.ए., आर्ट्सला कमी लेखणार नाही. पण आपण निवडणं वेगळं आणि एक दार बंद म्हणून दुसऱ्यातून जाणं वेगळं. आज त्या दारावर कुणी रामन बसलेले नाहीत. आता अडवणारी आपलीच माणसं असतात, आणि तीही काळजीपोटी.

परवा मी तिच्या वडिलांना कमलाबाईंची हकिगत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. अजून ‘हो’ म्हणाले नाहीत, पण काल सायन्सचा फॉर्म मात्र घेऊन आलेत. शेवटची तारीख पुढच्या सोमवारी आहे.