टॉलस्टॉय : एक शाळामास्तर

काउंट लिओ टॉलस्टॉय यांचे नाव सुशिक्षित मराठी माणसाला नवे नाही. ‘युद्ध आणि शांती’ व ‘ॲना कॅरेनिना’ या कादंबऱ्यांचा कर्ता म्हणून, किंवा गांधीजींशी १९०९-१० साली पत्रव्यवहार करणारा वृद्ध ऋषी म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु ऐन तिशीत, लेखक म्हणून नाव झालेले असताना, या माणसाने लेखणी जवळजवळ बाजूला ठेवली आणि सुमारे तीन वर्षे खेड्यातल्या पोरांना लिहिणे शिकविण्यात घालविली, ही गोष्ट मात्र फारशी कुणाच्या ध्यानात नसते. त्यांच्या चरित्रातले हे प्रकरण निबंधाची वही हाती घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने व पालकाने समजून घ्यावे असे आहे.

टॉलस्टॉय यांचा जन्म १८२८ साली रशियातील तुला शहराजवळच्या यास्नाया पोल्याना या वडिलोपार्जित जहागिरीच्या गावी झाला. वयाच्या दुसऱ्या वर्षी आई गेली, नवव्या वर्षी वडील. कझान विद्यापीठात ते गेले खरे, पण पदवी न घेताच १८४७ मध्ये परतले. गावच्या कुळांच्या मुलांना शिकवावे ही इच्छा त्यांना तेव्हापासूनच होती. १८४९ साली त्यांनी तसा एक प्रयत्न केला, पण तो टिकला नाही. पुढे कॉकेशसमधली शिपाईगिरी आली, १८५२ साली ‘बालपण’ ही पहिली कृती प्रसिद्ध झाली, सेबास्तोपोलच्या वेढ्यातली चित्रणे गाजली. राजधानीतल्या साहित्यिकांनी त्यांना डोक्यावर घेतले. पण ज्या देशात शेकडा नव्वदांहून अधिक माणसांना अक्षरओळख नाही, तिथे आपण लिहितो ते कुणासाठी, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १८५९ च्या शरद ऋतूत त्यांनी आपल्याच वाड्याच्या आवारात शाळा उघडली.

शाळेत फी नव्हती, शिक्षा नव्हती, घरचा अभ्यास नव्हता. पोरे रिकाम्या हातांनी येत, वाटेल तिथे बसत आणि कंटाळा आला तर उठून घरीही जात. एकंदर चाळीसेक मुलेमुली होती. इतर देशांत काय चालते ते पाहावे म्हणून १८६० साली टॉलस्टॉय जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड, बेल्जम असे हिंडून आले. याच प्रवासात त्यांचा थोरला भाऊ निकोलाय क्षयाने वारला. शाळा त्यांनी पुष्कळ पाहिल्या. बहुतेक ठिकाणी मुले पढवलेले बोलत आणि घोटवलेले लिहीत, असे त्यांना आढळले. १८६१ च्या वसंतात ते परतले तेव्हा रशियातली भूदासपद्धती नुकतीच कायद्याने रद्द झाली होती. कालपर्यंत जी पोरे धन्याची मालमत्ता होती, तीच आता त्यांच्यासमोर बाकांवर बसली होती.

आरंभी टॉलस्टॉय यांनीही तीच चूक केली, जी आपण सगळे करतो. मुलांना सोपे वाटेल म्हणून घर, झाड, जनावर असले विषय त्यांनी दिले. पोरे अडखळली. काहींच्या डोळ्यांत पाणी आले. डोळ्यांसमोरच्या निर्जीव वस्तूचे वर्णन करण्यात लिहिण्याजोगे काय आहे, हेच त्यांना कळेना.

मग एके दिवशी म्हणींचा एक संग्रह चाळीत असताना ते तसेच वर्गात गेले आणि एका म्हणीवर गोष्ट लिहा म्हणाले. चमच्याने भरवायचे आणि त्याच चमच्याच्या दांड्याने डोळा फोडायचा, अशा अर्थाची ती म्हण. उपकार करून मागून टोचून बोलणाऱ्याला ती लागू. पोरे म्हणाली, हे आम्हाला कुठले जमायला, तुम्हीच लिहा. टॉलस्टॉय लिहू लागले. एका शेतकऱ्याने म्हाताऱ्या भिकाऱ्याला दया येऊन घरात घेतले आणि नंतर तो त्याला घालूनपाडून बोलू लागला, अशी कथा. पान झाल्यावर त्यांनी वाचून दाखविले. पोरांना ते पसंत पडेना. म्हातारा असा बोलणार नाही, तसा वागणार नाही, असे एकेक जण सांगू लागला. हळूहळू बाकीचे पांगले आणि स्योमका व फेडका हे दोघे उरले. संध्याकाळी सातला बसलेली ही मंडळी अकराच्या सुमारास उठली. पोरे सांगत होती आणि रशियातला एक नामांकित लेखक लेखनिकाचे काम करीत होता.

स्योमकाला बाहेरचे दिसे, म्हाताऱ्याच्या पायातले झाडाच्या सालीचे जोडे, त्याचा मळका अंगरखा. फेडकाला आतले दिसे. गोष्टीतल्या एका शेजाऱ्याच्या अंगावर बायकोचा डगला आहे, असे त्याने सांगितले. हे कशाला, असे टॉलस्टॉय यांना प्रथम वाटले. मग त्यांच्या ध्यानात आले की या एका डगल्याने तो अरुंद छातीचा, किरकोळ अंगाचा माणूस उभा राहिला. संध्याकाळी बाहेर पडताना हाताला लागले ते त्याने अंगावर ओढले असणार, हेही कळले. ज्या तपशिलासाठी कसलेला लेखक डोके खाजवितो, तो या पोराने सहज दिला होता. त्या रात्री टॉलस्टॉय इतके अस्वस्थ झाले की आपण पाहू नये ते पाहिले, असे त्यांना वाटत राहिले.

पुढे एक अनर्थ घडला. ते चार दिवस बाहेरगावी गेले असता वर्गात कागदाची खेळणी करण्याची टूम निघाली आणि त्या खेळण्यांत हस्तलिखिताची पाने गेली. मग ती शेगडीत जळाली. टॉलस्टॉय यांना स्वतःचे लिखाण हरवल्याचेही इतके दुःख झाले नसते. त्यांचे तोंड पाहून स्योमका व फेडका रात्री त्यांच्या घरी आले, दार लावून बसले आणि कथा पुन्हा लिहून काढूनच उठले. नंतर फेडकाने शिपायाच्या बायकोच्या हालअपेष्टांवर स्वतंत्र कथा लिहिली. तिच्या आरंभीची वर्णने काहीशी ठरीव वाटतात. तो दोष माझा, तिथे मला सुचविण्याचा मोह आवरला नाही, अशी कबुली टॉलस्टॉय यांनी मोकळेपणाने दिली आहे.

या अनुभवावर त्यांनी १८६२ साली आपल्या ‘यास्नाया पोल्याना’ मासिकात जो लेख लिहिला, त्यातली पद्धत अगदी व्यवहारी आहे. लिहिताना मुलाला पाच कामे एकदम करावी लागतात : मनात येणाऱ्या अनेक कल्पनांतून एक निवडणे, तिला शब्द शोधणे, तिची जागा ठरविणे, मागे काय लिहिले ते ध्यानात ठेवून पुनरुक्ती टाळणे आणि हे सारे चालू असताना हाताने लिहिणे. या ओझ्याखाली मूल दबते. म्हणून आरंभी शिक्षकाने यांतली बरीच कामे आपल्याकडे घ्यावीत आणि एकेक करून मुलाच्या स्वाधीन करावीत. विषय पुष्कळ द्यावेत, ते पोरकट नसावेत, खुद्द शिक्षकाला गोडी वाटेल असे असावेत. वाचायला दुसऱ्या मुलांचे लिखाण द्यावे. आणि वही तपासताना अक्षर, शुद्धलेखन, टापटीप यांविषयी मुलाजवळ चकार शब्द काढू नये.

मूल जन्मतः परिपूर्ण असते आणि आपण त्याला बिघडवितो, असा निष्कर्ष टॉलस्टॉय यांनी यातून काढला. तो मात्र जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. फेडका रानातल्या फुलासारखा आपोआप उमलला नाही. त्याच्यासमोर रात्रीच्या रात्री एक फार मोठा कलावंत बसला होता, आणि कोणता शब्द उचलावा हे त्या कलावंताला कळत होते. पण त्याची थोरवी अशी की, पोराचा शब्द आपल्यापेक्षा सरस आहे हे त्याने ओळखले आणि आपला खोडला. शिकविणे म्हणतात ते याला.

शाळा फार दिवस चालली नाही. १८६२ च्या उन्हाळ्यात टॉलस्टॉय समारा प्रांतात प्रकृतीसाठी गेले असता, गुप्त छापखान्याच्या संशयावरून पोलिसांनी त्यांच्या घराची व शाळेची झडती घेतली. सापडले काहीच नाही, पण मन उडाले. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले, मासिक थांबले, शाळा मिटली आणि ‘युद्ध आणि शांती’ सुरू झाली. मुले मात्र ते विसरले नाहीत. १८७२ साली त्यांनी मुलांसाठी ‘अंकलिपी’ काढली. तिच्यातल्या गोष्टींची भाषा इतकी निथळ आहे की फेडकाची शिकवणी तिथे कामी आली असे वाटते. १९१० साली अस्तापोवो स्टेशनावर त्यांचा अंत झाला.

फेडकाचे पुढे काय झाले? त्याचे खरे नाव वासिली मोरोझोव्ह. तो मोठा लेखक झाला नाही. तुला शहरात तो घोडागाडी हाकीत असे. उतारवयात त्याने त्या शाळेच्या आठवणी लिहून ठेवल्या. तेव्हा खटाटोप फुकट गेला, असे कुणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. लिहिणे शिकवायचे ते गावोगाव कादंबरीकार निपजावेत म्हणून नव्हे. आपण पाहिले ते सांगण्याजोगे आहे आणि ते आपल्याच शब्दांत सांगता येते, एवढा विश्वास गाडीवानाच्याही गाठीशी असावा म्हणून.

आपल्या बडोद्याला हे सांगणे अगत्याचे आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत प्रयोग करून १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मूल शाळेत आणण्याचे काम त्या काळीच सुरू झाले. पण वहीत ते काय लिहिते? फळ्यावरचे मुद्दे, गाइडातली वाक्ये, आणि कधीही न पाहिलेल्या समुद्रकाठचा सूर्यास्त. त्याच मुलाने सकाळी मांडवीच्या बाजारात, नाहीतर आपल्या आजीच्या खोलीत, बायकोच्या डगल्याइतकेच बोलके काहीतरी पाहिलेले असते. ते वहीत उतरले, तर मास्तरांनी तांबडी पेन्सिल क्षणभर खाली ठेवावी.