हॅरोल्ड युरी

हॅरोल्ड क्लेटन युरी (२९ एप्रिल १८९३, वॉकर्टन, इंडियाना – ५ जानेवारी १९८१, ला होया, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ होते. जड हायड्रोजनच्या शोधासाठी त्यांना १९३४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जीवाश्मांतील समस्थानिकांवरून प्राचीन हवामान जाणण्याच्या पद्धतीचा पाया त्यांनी घातला.

पूर्वायुष्य

युरी सहा वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. काही काळ ग्रामीण शाळांत शिकवून त्यांनी मोंटाना विद्यापीठातून प्राणिशास्त्राची पदवी घेतली. पुढे १९२३ मध्ये बर्कले येथे डॉक्टरेट मिळवून ते कोपनहेगनला नील्स बोर यांच्या संस्थेत गेले.

जड हायड्रोजन आणि महायुद्ध

१९३१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात त्यांनी ब्रिकवेड व मर्फी यांच्यासह हायड्रोजनचे जड समस्थानिक, ड्यूटेरियम, शोधले. नोबेलच्या रकमेचा वाटा त्यांनी या दोघांनाही दिला. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबसाठी युरेनियमची समस्थानिके वेगळी करण्याच्या कामाचे त्यांनी कोलंबियात नेतृत्व केले. युद्धानंतर मात्र अणुऊर्जा लष्कराच्या हाती राहू नये, असा आग्रह धरून ते शिकागो विद्यापीठात मूलभूत संशोधनाकडे वळले.

प्राचीन तापमापन

शिंपल्याचे कार्बोनेट तयार होताना पाणी जितके थंड, तितके त्यात ऑक्सिजन-१८ चे प्रमाण अधिक असते, हे युरींनी १९४७ मध्ये गणिताने दाखवले. हा फरक एका अंशाला जेमतेम ०.०२ टक्के असतो. तो मोजण्यासाठी त्यांच्या गटाने मास स्पेक्ट्रोमीटर अधिक अचूक केला. जीवाश्माच्या चूर्णावर फॉस्फरिक अम्लाची क्रिया करून निघालेला कार्बन डायऑक्साइड त्यात तपासला जाई. १९५१ मध्ये स्कॉटलंडमधील स्काय बेटावरच्या बेलेम्नाइट या समुद्रजीवाच्या जीवाश्माचे एकेक वलय तपासून त्या जीवाने पाहिलेले उन्हाळे-हिवाळे त्यांनी वाचले.

वारसा

जीवाश्म झालेल्या सस्तन प्राण्यांच्या दातांचा अभ्यास आज याच मार्गाने होतो. दंतवल्क कठीण असल्याने मूळ घटक टिकवून ठेवते. त्यातून थराथराने चूर्ण काढतात, सेंद्रिय अंश व नंतर साचलेले कार्बोनेट रसायनांनी दूर करतात आणि मग अम्लक्रिया करतात. सस्तन प्राण्यांच्या शरीराचे तापमान जवळजवळ स्थिर असल्याने येथे ऑक्सिजन प्रामुख्याने प्यायलेल्या पाण्याची, तर कार्बन खाल्लेल्या वनस्पतींची माहिती देतो. प्राणी झाडपाला खात होता की उष्ण प्रदेशातील गवत, हे त्यावरून कळते.

१९५३ मध्ये जीवनाच्या उगमाविषयीच्या प्रसिद्ध प्रयोगाचा निबंध युरींनी विद्यार्थी स्टॅन्ली मिलर यांच्या एकट्याच्या नावे प्रसिद्ध होऊ दिला. १९५८ पासून ते ला होया येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात होते.