रद्दीत गेलेली पाखरे

पावसाळा सरला की सफाळ्याजवळच्या तांदुळवाडीच्या डोंगरावर गवत माजते. त्यातून चालताना पाय अगदी अंगावर पडेपर्यंत दबून बसणारा आणि मग भुर्रकन उडणारा लावा आमच्या परिचयाचा. त्याचाच एक भाऊबंद हिमालयात होता. ‘आहे’ म्हणण्याचा धीर होत नाही. मसुरी-नैनितालच्या उभ्या उतारांवरील उंच गवतात राहणारा, लाल चोचीचा, डोळ्यांपाशी पांढरे ठिपके असलेला हा पहाडी लावा १८७६ साली नैनितालजवळ एका शिकाऱ्याने टिपला. त्यानंतर तो खात्रीने कुणाच्या दृष्टीस पडलेला नाही. या पाखराची माहिती शोधताना मला भेटले अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम.

ह्यूमसाहेब आपल्याला ठाऊक असतात ते काँग्रेसचे संस्थापक म्हणून. पहिले अधिवेशन पुण्यात व्हायचे, पण पटकीच्या साथीमुळे ते डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले, इथवर शाळेतला इतिहास. पाखरांचे ह्यूम मात्र त्या पुस्तकात नसतात!

१८२९ साली जन्मलेला हा माणूस विशीत कंपनी सरकारच्या नोकरीत आला. इटाव्यात कलेक्टर असताना त्याने मोफत शाळा काढल्या. पुढे तो सरकारचा सचिव झाला आणि वरिष्ठांशी न पटल्याने १८७९ मध्ये त्या पदावरून दूर केला गेला. नोकरी सांभाळून पाखरांचे नमुने मात्र तो वर्षानुवर्षे गोळा करीत होता. सिमल्याचे त्याचे घर म्हणजे एक संग्रहालयच. ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्ष्यांना वाहिलेले नियतकालिक त्याने चालविले. मार्शल यांच्यासह शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंड काढले, त्यांत या लाव्याची तोवर हाती आलेली तुटपुंजी माहितीही नोंदली. गंमत पाहा, ज्यांनी पाखरू मारले त्यांच्यामुळेच ते होते हे आपल्याला कळते.

मग घात झाला. भारतातील पक्ष्यांवरच्या मोठ्या ग्रंथासाठी जमविलेली हस्तलिखिते, पंचवीसएक वर्षांचे काम, नोकराने सिमल्याच्या बाजारात रद्दी म्हणून विकली. ह्यूम हिवाळ्यात बाहेरगावी गेले होते. परतल्यावर हे कळले. पुड्या बांधण्यात किती पाने गेली असतील, कोण जाणे. त्यांनी तो ग्रंथ सोडला आणि सुमारे ८२ हजार नमुन्यांचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. तो बोटीने गेला १८८५ मध्येच, म्हणजे मुंबईत ७२ प्रतिनिधी जमले त्याच वर्षी. रद्दीवाल्याने आपल्याला काँग्रेस दिली असे कुणी म्हटले, तर मी हसेन. पण एक दार बंद झाल्यावर त्या माणसाची सारी धग दुसरीकडे वळली, असे मला वाटते खरे.

तोवर ते शाकाहारी झाले होते, शिकारही सोडली होती. १८९४ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी वनस्पतींचा ध्यास घेतला, लंडनमध्ये १९१० मध्ये त्यासाठी संस्था उभारली आणि १९१२ साली त्यांचे निधन झाले. पहाडी लाव्याची भुसा भरलेली दहा-बारा कातडी जगातल्या संग्रहालयांत आहेत. अभ्यासक आजही अधूनमधून त्या उतारांवर गवत तुडवून येतात.