शाहीर अण्णाभाऊ साठे

अण्णाभाऊंवर लिहितो म्हटल्यावर दोघातिघांनी आम्हाला विचारले, अण्णाभाऊ मातंग समाजाचे, त्यात लाल बावट्याचे; विहाराच्या स्मरणिकेत त्यांचे काय काम? त्यांच्यासाठीच हा लेख.

१ ऑगस्ट १९२० रोजी सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावी अण्णाभाऊंचा जन्म झाला. नाव तुकाराम. शाळा दीड दिवसाची, असे सांगतात. गावात पोट भरेना म्हणून वडिलांनी बिऱ्हाड घेऊन मुंबईची वाट धरली, तीही पायी. मुंबईत त्यांनी हमाली केली, गिरणीत राबले. अक्षरे शिकले ती दुकानांच्या पाट्या वाचून. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहताना डासांनी जीव नको केला, तर त्या डासांवरच गाणे रचले. शाहिरी सुरू झाली ती अशी.

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. त्या रात्री पाहिलेली म्हातारी माणसं आमच्या चाळीत होती. चाळींच्या मधल्या मैदानात गॅसबत्त्या लागायच्या, ढोलकी कडाडायची. दुसरी पाळी सुटली की लोक अंगावरचा कापूस न झटकता थेट तिकडेच. अमर शेखांचा आवाज असा खडा, की शेवटच्या माणसालाही शब्द न् शब्द ऐकू यायचा. तमाशा म्हटला की आधी गणपतीचा गण आणि मग गवळण. अण्णाभाऊंनी गणपतीच्या जागी मायभूमीला वंदन आणले, गवळण काढूनच टाकली. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या १९५६ साली, हे त्याच्या आधीपासून चालले होते! वगात सावकार, शेटजी, पुढारी यांची अशी फजिती, की लोक हसून लोळायचे आणि हसता हसता युनियनचे सभासद व्हायचे. सरकारला हे झोंबले. स्वातंत्र्य आल्यावर तमाशावर बंदी आली. अण्णाभाऊंनी त्याला लोकनाट्य म्हटले आणि खेळ चालूच ठेवला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर त्यांची छक्कड घरोघरी गेली.

आता त्या प्रश्नाकडे येतो. बाबासाहेबांचे आणि कम्युनिस्टांचे पटले नाही, त्याला कारण होते. गिरणीत आपल्या माणसाला साचेखात्यात घेत नसत. धोट्यात कांडी भरताना धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणजे विटाळ. जास्त पगार त्याच खात्यात. संपात सगळ्यांनी एक व्हायचे आणि साच्यावर मात्र शिवाशिव! बाबासाहेबांनी यावर पुढाऱ्यांना जाब विचारला तो बरोबरच होता, असे आमचे स्पष्ट मत आहे. अण्णाभाऊ त्याच पक्षाचे. पण १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन त्यांनीच केले आणि जग तरले आहे ते दलित-कष्टकऱ्यांच्या हातांवर, असे बजावले. १९५९ ची ‘फकिरा’ कादंबरी त्यांनी अर्पण केली ती बाबासाहेबांच्या लेखणीला. १९६१ साली तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. पक्षाच्या पुस्तकात जात सापडत नव्हती, ती अण्णाभाऊंच्या अंगावर होती. त्यांनी ती लपवली नाही.

१९६१ लाच ते रशियाला जाऊन आले. तीसच्या वर कादंबऱ्या लिहिल्या, पण दिवस पालटले नाहीत. घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीतच बसून लिहीत राहिले. १८ जुलै १९६९ रोजी गेले, वय अवघे अठ्ठेचाळीस. सहा आठवड्यांत अमर शेखही अपघातात गेले.

२०२२ साली मॉस्कोत अण्णाभाऊंचा पुतळा बसला. इकडे १४ एप्रिलला आपली पोरं मिरवणुकीत बाबासाहेबांवरचे त्यांचे गाणे गात नाचतात. कुणाचे गाणे म्हणून विचारले, तर एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. ‘फकिरा’ विहाराच्या कपाटात आहे, वरच्या फळीवर. रविवारी वंदनेनंतर मागून न्यावी.