जायबंदी कामगारांचे कैवारी ना. म. जोशी

दापोली तालुक्यातील मुरुड हे मुंबई उच्च न्यायालयातील नामवंत वकील रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांचे जन्मगाव. मात्र याच रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या हजारो चाकरमान्यांना वकील परवडणारा नव्हता. यंत्रात हात सापडला की नोकरी जाई आणि गावाकडे परतण्यावाचून गत्यंतर नसे. मृताच्या वारसांसाठी १८५५चा कायदा होता. पण दिवाणी न्यायालयात मालकाचा दोष सिद्ध करणे गरिबाच्या आवाक्याबाहेरचे होते. ही कोंडी फोडण्यासाठी झटलेल्यांमध्ये नारायण मल्हार जोशी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे १८७९ साली त्यांचा जन्म झाला. काही वर्षे शिक्षकी पेशात घालवून १९०९मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. चाळींतील कामाने त्यांना कामगाराच्या संसाराचे वास्तव उमगले. एका अपघाताने सारे कुटुंब कर्जाच्या खाईत लोटले जाते, हे त्यांनी जाणले.

१९२१पासून मध्यवर्ती कायदेमंडळात ते कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी होते. तेथे १९२३मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा संमत झाला आणि १ जुलै १९२४पासून अमलात आला. आता मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची अट उरली नाही. कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास ४२ महिन्यांचे वेतन, मात्र कमाल ३,५०० रुपये, अशी भरपाई ठरली. दरमहा ३० रुपये मिळवणाऱ्यास १,२६० रुपये मिळत. आयुष्यभराच्या परावलंबनापुढे ही रक्कम तुटपुंजीच होती. तरी ती दया नव्हती, हक्क होता.

पण हक्क ठाऊक नसेल तर तो कागदावरच राहतो. १९२६मध्ये स्थापन झालेल्या मुंबई गिरणी कामगार संघाचे अध्यक्षपद जोशींनी सांभाळले. कामगार आयुक्तापुढे उभा राहील तेव्हा त्याच्या पाठीशी संघटना असावी, ही त्यांची भूमिका होती. १९२९च्या शाही कामगार आयोगाचेही ते सदस्य होते. आयोगाच्या अहवालानंतर १९३३मध्ये कायदा सुधारला. कामावरील मृत्यूची माहिती मिळताच आयुक्ताने स्वतःहून मालकाकडे खुलासा मागावा, अशी तरतूद त्यात आली. कोकणातल्या निरक्षर विधवेसाठी तिचे मोल मोठे होते.

३० मे १९५५ रोजी जोशी निवर्तले. मुंबईच्या गिरणगावातील डिलाईल रोडला आज त्यांचे नाव आहे. त्या कायद्यातील तरतुदी २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावल्या गेल्या. रस्त्यावरील पाटी वाचणाऱ्या कितीजणांना तिच्यामागची ही झुंज ठाऊक असेल?